अ‍ॅडव्हेंचर बाइक वर्षानुवर्षं सांभाळायचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅडव्हेंचर बाइक, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी केलेली मोटरसायकल, घेण्याआधी सगळे विचारतात ते पॉवर, सीटची उंची आणि अ‍ॅव्हरेज. घेऊन दोन-तीन वर्षं झाली की प्रश्न बदलतात, आणि इथे उत्तरं आहेत ती त्या दुसऱ्या प्रश्नांची. बराचसा हिशेब माझ्या वहीतला आहे: दोन सिलिंडरची, मध्यम वजनाची एकच गाडी, नऊ वर्षं, ८६,००० किलोमीटर. चलन कुठलंही असलं तरी किलोमीटर आणि लिटर तेच राहतात, म्हणून पैशांचे आकडे टाळलेत. जिथे टाळता आले नाहीत तिथे नव्या गाडीची सगळ्या करांसकट किंमत १०० भाग धरली आहे.

सगळ्यात मोठा खर्च कुठला? सर्व्हिसिंग का पेट्रोल?

बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही नाही. सगळ्यात मोठा खर्च घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत. त्याची पावती मिळत नाही, म्हणून तो कोणी लिहून ठेवत नाही. ऑइल बदललं की बिल हातात येतं आणि आपण कुरकुरतो. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत गाडीची किंमत जेवढी उतरते, तेवढ्यात अशी कित्येक बिलं बसतात. विमा आणि करही गाडी शेडमध्ये उभी असली तरी भरावेच लागतात.

मग दर किलोमीटरचा खर्च कसा काढायचा?

विकत घेतल्याची किंमत, वजा आज विकली तर येणारी किंमत, अधिक आजवर केलेला सगळा खर्च. या बेरजेला एकूण किलोमीटरने भागा. विक्रीची किंमत धरताना मनाशी प्रामाणिक राहा. जाहिरातीत लोक मागतात ती किंमत नव्हे, प्रत्यक्ष सौदा होतो ती धरायची.

एक उदाहरण करून बघू. आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. गाडी १०० भागांची. एक जण वर्षाला ३,००० किलोमीटर चालवतो, दुसरा १२,०००. दोघंही पाच वर्षांनी विकतात. पहिल्याला ५० भाग परत मिळतात, दुसऱ्याला रनिंग जास्त म्हणून ४०. विमा, कर वगैरे दोघांनाही पाच वर्षांत १५. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग मिळून दर १०,००० किलोमीटरला १२ भाग धरू.

पहिल्याचा खर्च ५० + १५ + १८ = ८३ भाग, आणि रनिंग १५,००० किलोमीटर. म्हणजे हजार किलोमीटरला साडेपाच भाग. दुसऱ्याचा ६० + १५ + ७२ = १४७, आणि रनिंग ६०,०००. हजाराला अडीच भागांच्याही आत. कमी चालवणाऱ्याने एकूण पैसे कमी घातले, पण त्याचा दर किलोमीटरचा खर्च दुपटीहून जास्त पडला. ‘सध्या पेट्रोल महाग आहे, गाडी कमी काढतो’ असं कोणी म्हणालं की मला हे गणित आठवतं. पेट्रोल वाचतं हे खरं, बाकीचं मीटर मात्र चालूच असतं.

अ‍ॅव्हरेजमध्ये सात किलोमीटरचा फरक कितपत महत्त्वाचा?

६०,००० किलोमीटरचं गणित करा. लिटरला २५ देणारी गाडी २,४०० लिटर पिते, १८ देणारी ३,३०० च्या वर. फरक ९३३ लिटरचा. थोडा नाही, पण पाच वर्षांवर पसरलेला. गाडी निवडताना याला जेवढं वजन दिलं जातं तेवढं देऊ नये, आणि सामानाच्या पेट्या, उंच विंडशील्ड, कच्च्या रस्त्याचे खोल गाठींचे टायर लावताना जेवढं दुर्लक्षिलं जातं तेवढं दुर्लक्षूही नये. हायवेच्या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते आणि बाजूच्या रुंद पेट्या हवेला सरळ आडव्या येतात. रिकाम्या पेट्या रोजच्या फेरीला लावून फिरणारे लोक मला कधी कळले नाहीत.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलही विचारलं जातं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे १० टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज तीनेक टक्के उतरतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे इथेनॉल पाणी धरतं. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचं काही वाटत नाही. चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला वाटतं.

टायर किती चालतात?

या गाड्या चालवण्याच्या खर्चात पेट्रोलनंतर सगळ्यात जास्त पैसे टायर खातात, आणि शोरूममध्ये याबद्दल कोणी बोलत नाही.

रस्त्याकडे झुकलेला टायर मागे १२,००० ते १५,००० किलोमीटर देऊ शकतो. रस्ता आणि कच्चा दोन्हीसाठी केलेला निम्म्या-निम्म्या जातीचा टायर ६,००० ते ९,०००. पूर्ण गाठींचा टायर जड गाडीवर, डांबरावर, ४,००० ला गुळगुळीत होऊन बसतो. पुढचा टायर साधारण दीडपट ते दुप्पट चालतो. वजन, हवेचा दाब, तापलेला रस्ता आणि उजवा हात यांनी हे आकडे सहज हलतात.

मागचा ८,००० आणि पुढचा १४,००० धरला तर ६०,००० किलोमीटरमध्ये मागचे सात आणि पुढचे चार टायर विकत घ्यावे लागतात. अकरा टायर. तेवढ्याच अंतरात ८,००० ला एक याप्रमाणे ऑइलही सातच वेळा बदलतं. आता दोन्हींच्या किमती शेजारी मांडून बघा.

दिसायला रांगडा म्हणून गाठींचा टायर घालून रोज डांबरावर फिरणं हा मी केलेला सगळ्यात महाग शौक. दीड वर्ष केला. आता वर्षभर रस्त्याचा टायर असतो आणि मोठ्या कच्च्या प्रवासाआधी गाठींचा चढवतो. आल्यावर उतरवून पुढच्या वेळेसाठी ठेवतो. टायर स्वतः बदलता येत असेल तर हे परवडतं.

टायरच्या अंगावर अंडाकृती चौकटीत शेवटचे चार अंक असतात. त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ‘स्वस्तात मिळाला’ असं वाटलं की आधी हे अंक वाचा. गाठी शाबूत असल्या तरी जुनाट रबर ओल्या रस्त्यावर दगा देतं.

चेन किती टिकते आणि लोकांची लवकर का जाते?

नीट सांभाळली तर २०,००० ते ३०,००० किलोमीटर, चिखल-वाळूत कमी. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन फिरते ती दातेरी चाकं) एकत्रच बदलायचे. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर ती आधीच्यापेक्षाही लवकर मरते.

लवकर जाण्याचं कारण बहुतेकांना ‘वंगण कमी पडलं’ असं वाटतं. मी पाहिलेल्या खराब चेनपैकी बऱ्याच घट्ट ठेवल्यामुळे गेल्या होत्या. अ‍ॅडव्हेंचर बाइकच्या मागच्या चाकाचा वर-खाली प्रवास मोठा असतो. चाक वर सरकत असताना पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांडीचा) पिव्हट म्हणजे बिजागरी आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात, तेव्हा दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं आणि चेन सगळ्यात ताणली जाते. उभ्या गाडीवर ‘व्यवस्थित’ दिसणारी चेन त्या क्षणी तारेसारखी होते. मग धक्का शॉकने झेलायच्या ऐवजी गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग झेलतं. ते बेअरिंग बदलायचं म्हणजे इंजिन उघडायचं. तेव्हा पुस्तकात ३५ ते ४५ मिलिमीटर ढील लिहिली असेल तर ती तेवढीच ठेवा, शेजाऱ्याच्या रस्त्यावरच्या बाइकशी तुलना करू नका. गॅरेजमधून आलेली गाडीही एकदा मोजा, कारण तिथल्या मुलांचा हात कमी ढील ठेवणाऱ्या गाड्यांवर बसलेला असतो.

झीज डोळ्यांनी ठरवू नये. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्ही चेनच्या दोन पिनांमधलं अंतर एकच, १५.८७५ मिलिमीटर, फरक फक्त रुंदीत. चेन ताणून धरून २१ पिना मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३१७.५ मिलिमीटर भरतं. ३१९ ओलांडून ३२० कडे निघालं की नवा सेट मागवायचा. दुसरी खूण सोपी आहे: मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून पाहा, निम्मा दात दिसू लागला तर तिचे दिवस भरले.

साफ करायला रॉकेल किंवा चेनचा क्लीनर आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग फाडतो, आणि आतलं कारखान्यात भरलेलं ग्रीस एकदा गेलं की वरून कितीही फवारा, आत पोचत नाही. दर ५०० ते ८०० किलोमीटरला आणि पावसातून आल्यावर त्याच संध्याकाळी चेन गरम असताना वंगण.

मग चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक चालवणारी शाफ्टवाली गाडी घेतली तर ही कटकटच नको ना?

रोजची कटकट नाही. १९८० ची बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस शाफ्टवरच होती, १९८१ मध्ये पॅरिस-डकार जिंकली ती त्याच जातीची गाडी, आणि लांब पल्ल्याला शाफ्टसारखं सुख नाही. पण शाफ्टचं तेल ठरल्या वेळी बदलावं लागतं, रबरी बूट फाटून आत पाणी शिरत नाही ना हे बघावं लागतं, आणि बिघडलंच तर एकदम मोठा फटका बसतो. चेनचा खर्च हप्त्याने येतो. शाफ्टचा बहुधा येतच नाही, पण आला तर थोक येतो.

टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) चेक करायला खरंच सांगितलेल्या किलोमीटरला जावं का? इंजिन तर अगदी शांत चाललंय.

शांत चाललंय म्हणूनच जा. जुन्या गाड्यांमुळे आपल्या कानांना सवय अशी की टॅपेट ढिले झाले की टकटक वाजतात. आजच्या, शिम म्हणजे बारीक चकतीने फट जुळवणाऱ्या इंजिनांत बहुधा उलटं घडतं. व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू बसत जातो आणि फट कमी होते, म्हणजे आवाज आणखी मऊ होतो. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, गरम वायू त्याच्या कडेने निसटतो आणि कड जळते. खास करून एक्झॉस्टच्या बाजूला. गाडी सकाळी थंड असताना एकाएकी उशिरा सुरू होऊ लागली तर हे एक कारण असू शकतं.

मुदती गाडीगणिक वेगळ्या. होंडा आफ्रिका ट्विन आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० ला २४,००० किलोमीटर, बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर (दोन सिलिंडर आडवे, विरुद्ध बाजूंना) जीएसना २०,०००, केटीएम १२९० सुपर अ‍ॅडव्हेंचरला ३०,०००, डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही ४ ला ६०,०००. नुसती मुदत बघून भुलू नका. बॉक्सरची डोकी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली, चार बोल्ट काढले की काम समोर. व्ही इंजिनात टाकी, एअरबॉक्स, कधी रेडिएटरही हलवावा लागतो. कामाचे तास किती हे गाडी घेण्याआधी विचारा, कारण बिल मुख्यतः तासांचं असतं. शिम स्वतः किरकोळ वस्तू आहे.

माझ्या गाडीच्या पहिल्या तपासणीत दोन शिम बदलल्या. त्यानंतरच्या दोन तपासण्यांत काहीच नाही, फक्त मोजून झाकण लावलं. ‘पैसे फुकट गेले’ असं तेव्हा वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

ऑइल लवकर बदललं तर इंजिन जास्त टिकतं का?

पुस्तकातली मुदत पाळलीत तरी पुरे. ती ६,००० पासून १५,००० किलोमीटरपर्यंत कुठेही असते, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलावंच. डबा घेताना ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ लिहिलेलं बघा. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि चारचाकी मोटारींच्या काही ऑइलमधले घर्षण कमी करणारे घटक त्याला निसटायला लावतात.

ऑइलपेक्षा जास्त लक्ष मी एअर फिल्टरकडे देतो. धुळीत पुढच्या गाडीच्या मागे दोन दिवस चाललात तर वर्षभराचा फिल्टर दोन दिवसांत भरतो. फिल्टर नीट बसला नाही किंवा त्याच्या कडेला ग्रीस नाही, तर बारीक धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन रिंगला पॉलिश पेपरसारखी घासते. इंजिन ‘म्हातारं’ झालं म्हणून ऑइल पिऊ लागलेल्या गाड्यांपैकी कितीतरी अशा धूळ खाऊन म्हाताऱ्या झालेल्या असतात. मोठ्या प्रवासानंतर एअरबॉक्स उघडा आणि फिल्टरच्या पलीकडच्या नळीत स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडकं मळलं तर फिल्टरने काम केलेलं नाही.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी? ब्रेक तर छान लागतात.

डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ३.७ टक्के पाणी शोषलं की किमान मर्यादा १५५ वर येते. सामान भरलेल्या गाडीने लांब उतार उतरताना मागचा ब्रेक धरून ठेवला की फरक तिथे कळतो. शिवाय तेच पाणी एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्युलमध्ये आतून गंज धरवतं, आणि मॉड्युलची किंमत विचारलीत तर फ्लुइडची बाटली आयुष्यभर आठवणीने आणाल. डॉट ५ हे वेगळं, सिलिकॉनचं फ्लुइड आहे. डॉट ४ मध्ये ते मिसळू नये. डॉट ५.१ चालतं. नावं ठेवणाऱ्याने गोंधळच केला आहे.

सस्पेंशन आणि बेअरिंगचा खर्च कधी येतो?

दुर्लक्ष केलं तर ४०,००० च्या आसपास, सगळा एकदम.

फोर्कमधलं, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेंशनच्या नळ्यांमधलं तेल काळं पडतं, पातळ होतं आणि हा बदल इतका हळू घडतो की चालवणाऱ्याला जाणवतच नाही. दर २०,००० ते ३०,००० ला तेल आणि सील बदलून घ्या. सीलमधून तेल दिसू लागलं तर लगेच सील बदलायला धावू नका. बऱ्याचदा धुळीचा कण ओठात अडकलेला असतो. वरचं धूळ-कव्हर खाली सरकवून जुन्या फोटोच्या फिल्मची पट्टी सीलच्या कडेने फिरवली की कण बाहेर येतो आणि गळती थांबते. नाहीच थांबली, तर मात्र टाळू नका. ते तेल ब्रेक पॅडवर उतरतं.

खरी चोरटी जागा म्हणजे मागच्या शॉकची लिंकेज, म्हणजे शॉकला स्विंगआर्मशी जोडणारे सांधे. चाकासमोर, खाली, चिखलाच्या माऱ्यात असलेली ती छोटी नीडल बेअरिंग. कारखान्यातून येताना त्यात ग्रीस बेताचंच असतं. माझी गाडी नेहमी एका गॅरेजात जायची, तिथे दर वेळी यादीत ‘लिंकेज ग्रीस’ला बरोबरची खूण असायची. ३८,००० ला मागून कुरकुर येऊ लागली म्हणून मित्राबरोबर स्वतः उघडली. बोल्ट आतल्या स्लीव्हला गंजून एकजीव झालेला. हातोडा, गॅस, शेवटी करवत. संपूर्ण लिंकेजचा संच बदलावा लागला. ज्या कामाला अर्धा दिवस आणि मुठभर ग्रीस लागलं असतं त्याला तीन आठवडे गेले, त्यातले दोन पार्टची वाट बघण्यात. तेव्हापासून दर दुसऱ्या हिवाळ्यात लिंकेज, स्विंगआर्म आणि कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) मी उघडतो. नवी गाडी घेणाऱ्यालाही सांगतो, पहिल्या महिन्यातच एकदा उघडून ग्रीस भर.

कोनसेट तपासायला पुढचं चाक उचलून हँडल हळूच मधून फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलं. चाकांच्या बेअरिंगसाठी एकच पथ्य: प्रेशर वॉशरचा फवारा अ‍ॅक्सलवर धरू नका.

गाडी पडल्यावर किती खर्च येतो?

कच्च्यावर जाणार असाल तर पडणारच, ‘जर’ काढून टाका. दोनशे-सव्वादोनशे किलोची गाडी उभ्या-उभ्या आडवी झाली तरी लिव्हर, इंडिकेटर, आरसा जातो. क्रॅश गार्ड नसेल तर रेडिएटर किंवा इंजिनचं कव्हर. म्हणून ज्या मोजक्या वस्तूंवर पहिल्याच दिवशी पैसे घालावेत त्या या: चांगले क्रॅश गार्ड, आत अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी असलेले हँडगार्ड, इंजिनखाली दगड झेलणारी बॅश प्लेट, रेडिएटरची जाळी. लिव्हर हँडलवर आवळणारे बोल्ट थोडे सैल ठेवले तर पडताना लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. ही युक्ती फुकट आहे आणि तिने माझे निदान चार लिव्हर वाचवले.

बाकीच्या अ‍ॅक्सेसरीज?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विकताना अ‍ॅक्सेसरीजचे पैसे जवळजवळ परत येत नाहीत, हे धरूनच घ्या. मी पहिल्या वर्षी घेतलेल्या वस्तूंपैकी निम्म्या तिसऱ्या वर्षी माळ्यावर होत्या. आधी एक मोठा प्रवास आहे त्या गाडीवर करा. काय खुपलं ते लिहून ठेवा. सीट खुपली असेल तर सीटवर घातलेला पैसा सगळ्यात सार्थकी लागतो.

बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स?

बॅटरी तीन ते पाच वर्षं. रात्रभर विसावलेली पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन चार हजार फेऱ्यांवर असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास यायला हवं. तेवढं येत नसेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, स्टेटर किंवा रेग्युलेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे भाग बघा. दहा मिनिटांच्या या तपासणीसाठी साधा मीटर पुरतो, आणि मोठ्या प्रवासाच्या आदल्या आठवड्यात तो लावायचा माझा नेम आहे.

इलेक्ट्रॉनिक्सला लोक फार घाबरतात. माझा अनुभव असा की मोठी यंत्रणा क्वचित जाते; जातात ते साइड स्टँडचा स्विच, चाकाच्या वेगाचा सेन्सर, पाण्याने हिरवे पडलेले कनेक्टर. चिखलाने माखलेल्या सेन्सरमुळे एबीएसचा दिवा लागला की आधी फडकं घ्या. एक मात्र खरं: काही गाड्यांना सर्व्हिसचा दिवा घालवायलाही कंपनीचं यंत्र लागतं. घेण्याआधी विचारा.

ट्यूब का ट्यूबलेस?

खर्चापुरतं ट्यूबलेस. खिळा लागला तर प्लग मारून दहा मिनिटांत पुढे. ट्यूबसाठी चाक उतरवा, टायर सोडवा, आणि रात्र झाली असेल तर नशिबाला बोला. अलॉय चाक दगडावर चिरलं तर मात्र बदलावंच लागतं, आऱ्यांचं चाक सरळ करता येतं. आऱ्या नव्या असताना पहिल्या काही हजारांत सैल पडतात. पान्याने वाजवून बघा, बसका आवाज देणारी ती सैल.

स्वतः किती काम करावं?

चेन, ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी आणि जमलं तर टायर. टॉर्क रेंच आधी घ्या. मूळ सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, व्हिडिओवर विसंबू नका. हमीचा काळ चालू असताना केलेल्या कामाच्या पावत्या आणि तारखा जपून ठेवा. फोर्क आणि टॅपेट मी चौथ्या वर्षी शिकलो. शॉकचा गॅस आणि एबीएस अजूनही दुसऱ्याकडे देतो.

५०,००० झालेली सेकंडहँड घ्यावी का?

नोंदी असतील तर ५०,००० ची घ्यावी, नोंदी नसतील तर १५,००० चीही नको. आधी म्हटलं तसं पहिला मोठा घसारा कोणीतरी सोसलेला असतो, त्यामुळे तीन-चार वर्षांची गाडी हिशेबात सगळ्यात बरी पडते. बघायला जाताना सांगून ठेवा की इंजिन थंड असू दे. बॅश प्लेटखाली आरशाने बघा. सीट आणि सामान पेलणाऱ्या मागच्या सबफ्रेमला, पेट्यांच्या बोल्टांजवळ, रंगाखाली चीर आहे का? एअरबॉक्समध्ये चिखलाची रेघ म्हणजे गाडी पाण्यात बुडालेली. किमतीतून एक टायरजोडी, एक चेन-स्प्रॉकेट सेट आणि एक मोठी सर्व्हिस मनातल्या मनात वजा करून बोली लावा. पहिल्या सहा महिन्यांत हे लागतंच.

दहा-पंधरा वर्षांनी पार्ट मिळतील का?

एकच इंजिन बरीच वर्षं, बऱ्याच मॉडेलांत वापरलं गेलं असेल तर मिळतात. कावासाकी केएलआर ६५० हे चांगलं उदाहरण: १९८७ ला आली, २००८ पर्यंत फारशी बदललीच नाही. तिच्या इंजिनातल्या, थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सरच्या चेनचा ताण धरणारी तरफ कमकुवत होती हे मालकांनीच शोधलं आणि मजबूत तरफ बाहेरच्या कारागिरांकडून बनू लागली. जी गाडी खूप विकली जाते तिच्या खोडी जगाला कळतात आणि त्यावरचे उपायही विकत मिळतात. इंजिनचे भाग बहुधा मिळत राहतात. आधी दुर्मीळ होतात ते स्क्रीन, स्विचगिअर आणि रंगीत प्लास्टिक.

मोठी १२०० सीसीची घ्यावी का ४०० ते ७०० सीसीमधली?

खर्चाच्या बाजूने उत्तर एकतर्फी आहे. वजन वाढलं की टायर, पॅड, चेन, क्लच सगळंच लवकर संपतं, आणि प्रत्येक वस्तू मोठी म्हणून महागही. दोन माणसं, पूर्ण सामान, रोज पाचशे किलोमीटर, असं खरंच करत असाल तर मोठी घ्या. वर्षातून एकदा करणार असाल तर मधली गाडीही तिथे पोचते, तासाभराने उशिरा.

काही महिने उभी ठेवायची असेल तर?

टाकी तोंडापर्यंत भरा, ऑइल ठेवण्याआधी बदला, बॅटरी चार्जरवर, टायरमध्ये हवा थोडी जास्त. दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून बंद करू नका. इंजिन पुरतं तापत नाही आणि आत पाणी धरतं. सुरू केलीच तर अर्धा तास फिरवून आणा.

विकायची वेळ कशी ओळखायची?

महागडं बिल आलं म्हणून विकू नका. ते बिल भरून झालेलं असतं, आणि त्या दुरुस्तीचा फायदा नव्या मालकाला जातो. मी दर वर्षी वहीतली दोन पानं शेजारी ठेवतो: गेल्या बारा महिन्यांचा दुरुस्तीचा खर्च आणि नवी गाडी पहिल्या वर्षात जेवढी उतरते तो आकडा. आजवर पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळपासही गेलेला नाही. नवव्या वर्षी, दोन टायर, एक चेन सेट आणि फोर्कचे सील धरूनसुद्धा, तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर होता. पुढच्या महिन्यात क्लच प्लेटा बदलायच्या आहेत. त्या मागवून ठेवल्यात.